ईद झाली, तरी बिल्लो सहरीला उठतेच!

31 मार्च 2025. सोलापुरात रमजान ईद साजरी झाली. खालांच्या दोन खोल्यांच्या घरात दिवसभर माणसांची रीघ होती. शीरखुर्म्याचं पातेलं दुपारीच रिकामं झालं, पुन्हा चढलं. रात्री साडेअकराला शेवटची पाहुणी गेली. खालांनी मोबाइलमधला चार वाजून दहा मिनिटांचा गजर बंद केला, पंखा मोठा केला आणि त्या आडव्या झाल्या. एकोणतीस रोजांनंतर पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपायचं होतं.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या गालावर एक मऊ पंजा पडला.

"हाय अल्ला, सहरी चुकली!" म्हणत खाला ताडकन उठून बसल्या. रोजे संपले, काल ईद झाली, हे आठवायला थोडा वेळ लागला. तोवर बिल्लो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलीसुद्धा होती. शेपटी पायांभोवती गुंडाळलेली, नजर शेगडीकडे. खालांना हसू आलं. उठलोच आहोत तर, म्हणून त्यांनी दुधात पाव कुस्करून तिच्यापुढे ठेवला आणि दिवा मालवला.

त्या वाटीभर दुधाची किंमत त्या पुढचे अडीच महिने मोजत होत्या.

गल्लीतली लहान-मोठी सगळीच त्यांना खाला म्हणतात. वय अठ्ठावन्न. नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. पुढच्या खोलीत दाराशी शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक, सगळं त्या शिवतात. गिऱ्हाईक दोन्ही समाजांतलं. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. या फिरण्यात गेल्या काही वर्षांत एक गंमत झाली. 2024 साली गुढीपाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला आली. 2025 साली पाडवा 30 मार्चला, ईद लगेच दुसऱ्या दिवशी. सोलापूरकरांसाठी हा जोडसण होता, शिंप्यांसाठी मात्र जोडसंकट. पाडव्याचे ब्लाउज आणि ईदचे कुर्ते एकाच आठवड्यात द्यायचे. विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून आणलेली कापडं खालांच्या मशीनपाशी थप्पी लावून पडलेली असायची. दिवसा रोजा, रात्री तरावीहची नमाज आणि त्यानंतर एक वाजेपर्यंत मशीन. हाती उरायची ती तीन तासांची झोप.

बिल्लो आदल्या पावसाळ्यात आली. मशीनच्या पायट्याखाली कापडाच्या चिंध्यांमध्ये एका सकाळी मुठीएवढं भिजलेलं पिल्लू सापडलं. खालांनी तिला बिल्लो म्हटलं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका काकूंनी मनी म्हटलं. काकू सत्तरीच्या, एकट्याच. दोन्ही घरांची परसदारं एकाच बोळात उघडतात. मांजरीला दोन नावं, दोन घरं आणि दोन स्वयंपाकघरं मिळाली, आणि याबद्दल तिची कधीच काही तक्रार नव्हती.

तिच्या आयुष्यातला पहिला रमजान आला, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. सहरी म्हणजे रोजा धरण्याआधीचं पहाटेचं खाणं. फजरची वेळ सुरू होण्याआधी ते उरकावं लागतं. मार्चच्या सुरुवातीला सोलापुरात ही मुदत साडेपाचच्या सुमारास संपते आणि दिवस मोठा होत जातो तशी महिनाभरात वीसेक मिनिटं अलीकडे येते. पूर्वी मोहल्ल्यातून डफ वाजवत, गात लोकांना जागवणारे फिरायचे. आता ते काम मोबाइलने घेतलंय. खालांचा गजर वाजायचा, दिवा लागायचा, भाकरी भाजल्याचा वास सुटायचा आणि बिल्लोपुढे काहीतरी पडायचं. कधी दुधातली भाकरी, कधी रात्रीच्या खिम्यातला घास. भुकेल्या जिवाला देऊन मग आपण खावं, ही खालांची सवय. महिनाभर, एकही दिवस न चुकता, एकाच वेळी. मांजराला एखादी गोष्ट शिकवायची असेल, तर याहून चांगली शाळा कुठे मिळणार?

मांजर निशाचर असतं, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपून काढतं आणि त्याचा अंगातला उत्साह खरा जागा होतो तो दोन वेळा: पहाटे उजाडण्याआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला. उंदीर, चिमण्या यांच्या हालचालीची हीच वेळ. शिकारी प्राण्याचं शरीर त्या वेळेला बांधलेलं असतं. पोट लहान, त्यामुळे एकदाच भरपूर खाऊन निवांत पडणं त्याला जमत नाही. एका उंदरातून साधारण 30 कॅलरी मिळतात. चार किलोच्या घरगुती मांजराला दिवसाला 200 ते 250 लागतात. म्हणजे मोकळ्या रानातलं मांजर दिवसरात्र मिळून सात-आठ छोट्या शिकारी करील, तेव्हा त्याचं भागेल. संध्याकाळी सातला शेवटचं खाणं दिलं, की पहाटे चारला त्याला नऊ तासांचा उपास घडलेला असतो, आणि रोजा ठेवण्याची नियत काही त्याने केलेली नसते.

आवाजाचं गणित आणखी वेगळं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्याँव म्याँव करत नाहीत, तो आवाज बहुतांशी माणसासाठी राखून ठेवलेला असतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. खायला मागणारं मांजर जी घुरघुर करतं, तिच्यात एक उंच पट्टीचा रडका सूर मिसळलेला असतो आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळपासचा असतो, असं त्यांना आढळलं. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही, त्यांनाही ही घुरघुर ऐकल्यावर काहीतरी तातडीचं आहे असं वाटलं. मॅकोम्ब यांना हा विषय सुचला तो त्यांच्याच घरातल्या मांजरामुळे. ते रोज सकाळी अशीच घुरघुर करून त्यांना उठवायचं. म्हणजे संशोधिकाही सुटली नाही, तिथे खालांची काय कथा!

एप्रिल उजाडला. बिल्लोची वेळ चार दहावरून पावणेचारवर आली, मग साडेतीनवर. एका रात्री तीनला. आधी पंजा, मग कानाशी घुरघुर, मग छातीवर बसणं, आणि तरीही खाला उठल्या नाहीत तर कपाटावरून बांगड्यांचा डबा खाली. "सोने दे गे, अब्बी तीन बी नै बजे," असं पुटपुटत खाला कूस बदलायच्या. शेवटी उठायच्याच.

त्यांनी उपाय कमी केले नाहीत. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, तर बिल्लोने दार ओरबाडून आणि ओरडून बोळ जागवला. कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्याचा फवारा मारला. त्याने ती पलंगाखाली पळाली आणि दहा मिनिटांनी परत आली. फरक एवढाच पडला, की दिवसाही खालांच्या हातात इस्त्रीच्या पाण्याची बाटली दिसली तरी ती दबकू लागली. रात्री वाटी भरून ठेवली, तर एप्रिलच्या सोलापुरी उकाड्यात मध्यरात्रीपर्यंत मुंग्यांनी वाटी काळी केली. एक दिवस रागाने खालांनी दुपारपासून काहीच दिलं नाही, सुधारेल म्हणून. ती रात्र सगळ्यात वाईट गेली. हा उपाय धोक्याचाही आहे. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही, तर मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. मांजराला उपाशी ठेवून धडा शिकवता येत नाही.

मे महिन्यात लगीनसराई आली. खालांना साखरेचा त्रास आहे. तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि झोपेबद्दल विचारलं. खालांनी मांजराचं नाव सांगितलं नाही, त्यांना लाज वाटली. त्याच आठवड्यात मशीनची सुई डाव्या हाताच्या बोटाच्या नखातून आरपार गेली. त्यापेक्षा मोठा घाव पुढे बसला. एका मुलीच्या लग्नातल्या पैठणीचं ब्लाउजपीस त्यांच्या हातून उलटं कापलं गेलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पीस पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. खालांनी बाहीला वेगळ्या कापडाची पट्टी जोडून वेळ मारून नेली, शिलाई घेतली नाही, आणि त्या रात्री जेवल्याही नाहीत.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "अम्मी, उसको मच्छी मार्केट में छोड़के आ. उधर उसका पेट भरेगा." मुलगा वाईट नव्हता, आईची काळजी करत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी खालांनी बिल्लोला कापडी पिशवीत घातलं, वर रुमाल बांधला आणि बुरखा घालून निघाल्या. रिक्षा थांब्यापर्यंत गेल्या. पिशवी शांत होती. आतून ओरडणं नाही, ओरबाडणं नाही, फक्त ऊब. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जायचं खाला?" खाला म्हणाल्या, "कुठं नाही बाबा," आणि परत फिरल्या.

मुसलमान घरात मांजर सोडून देणं सोपं नसतं, याला कारण आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, तिला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला मोकळंही सोडलं नाही, त्यात ती मेली आणि त्यासाठी त्या बाईला शिक्षा झाली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि बहुतेक मुलांनी ती आजीच्या तोंडून ऐकलेली असते. पैगंबरांच्या वचनांचे सर्वाधिक निवेदन करणारे सहाबी अबू हुरैरा, त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक हदीस आहेत. त्यांचं हे नाव मुळात टोपणनाव, अर्थ 'मांजराच्या पिल्लाचा बाप'. आणखी एक प्रसंग अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत येतो. अबू कतादा यांच्यासाठी त्यांच्या सुनेने वजूचं पाणी ठेवलं. मांजर आलं, तसं त्यांनी तिला पिता यावं म्हणून भांडं कलतं केलं. सून चकित होऊन बघत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितलं, की पैगंबरांनी मांजराला अपवित्र मानलेलं नाही, ती तर तुमच्या घरात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. पैगंबरांच्या अंगरख्याच्या बाहीवर झोपलेल्या मुएझा नावाच्या मांजरीची गोष्ट मात्र, कितीही गोड असली आणि मोबाइलवर कितीही फिरत असली, तरी हदीसच्या संग्रहांत सापडत नाही.

खालांच्या मनातली खरी अडचण इथेच होती. सोडून द्यायचं नाही हे ठरलं. पण पहाटे तीनला भुकेला जीव आपल्या कानाशी रडतो आणि आपण झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचं, हाही जुलूमच नाही का? त्या बाईत आणि आपल्यात फरक काय राहिला? एका शुक्रवारी त्यांनी धीर करून हे शेजारच्या हाफिजसाहेबांना विचारलं. ते हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, त्या बाईने खायलाही दिलं नाही आणि सोडलंही नाही. तुम्ही पोटभर देता, दार उघडं ठेवता. आता कधी द्यायचं, ते घरच्या मोठ्याने ठरवायचं. मगरिबच्या अजानीला दोन मिनिटं असतात, पोरगं खजुराला हात लावतं आणि आई हात धरते, तेव्हा आई जुलूम करते काय? जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं: आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, दुखत असेल तर ते पण ओरडतंच.

जूनच्या मध्याला खाला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. पुढे एक शेळी, मागे एक कालवड, मध्ये पिशवीतून डोकं काढलेली बिल्लो. तरुण डॉक्टरने तिला तोललं, दात पाहिले, पोट चाचपलं. वजन तीन किलो चारशे. जंतांचं औषध दिलं. पोटात जंत असले तर खाऊनही मांजर भुकेलंच राहतं. वय जास्त असतं, दहाच्या पुढचं, तर त्यांनी रक्त तपासलं असतं. म्हातारी मांजर अचानक खूप खाऊ लागली, तरी वाळत चालली आणि रात्री विचित्र ओरडू लागली, तर थायरॉइड वाढलेलं असू शकतं. मधुमेह मांजरांनाही होतो. बिल्लोचं तसं काही नव्हतं. पण ती अकरा महिन्यांची झाली होती, नसबंदी झालेली नव्हती, आणि उन्हाळ्यातलं तिचं काही ओरडणं अन्नासाठी नव्हतंच, माजावर आल्यामुळे होतं. महिनाअखेरीला शस्त्रक्रिया झाली. टाके सुकेपर्यंत दहा दिवस गेले.

खाण्यात काय देता, हे विचारल्यावर खालांनी मोठ्या अभिमानाने खिम्याचं नाव घेतलं आणि डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, मसाल्यातली पूड असो. सहरी-इफ्तारच्या ताटातला असा एक पदार्थ दाखवा, ज्यात कांदा-लसूण नाही. शिजलेलं हाड फुटून घशात रुततं. दुधाचंही तसंच, मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं आणि मग तीही तक्रार पहाटेच होते. खजूर किंवा शीरखुर्मा यांचा मांजराला मोह पडतो असं वाटतं, तो तुपाचा आणि दुधाचा. गोड चव ओळखणारी व्यवस्थाच मांजराच्या जिभेत बिघडलेली आहे, हे शास्त्रज्ञांनी 2005 साली त्यांच्या जनुकांत शोधून काढलं. बिल्लोसाठी आता कोंबडीचे तुकडे बिनमसाल्याचे, बिनमिठाचे उकडायचे आणि त्याबरोबर मांजरांचं सुकं खाद्य द्यायचं ठरलं. नुसत्या कोंबडीवर मांजराचं सगळं पोषण होत नाही.

मग डॉक्टरांनी पहाटेचं बघितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भूक खरी आहे, वेळ शिकवलेली आहे. भुकेचा बंदोबस्त करायचा आणि वेळ विसरायला लावायची. शेवटचं खाणं संध्याकाळी सातला दिलं जातं, ते झोपण्याच्या अगदी आधी द्या. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं तिला दमवा, दोरीला चिंधी बांधून पळवा. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, हा मांजराचा क्रम. सकाळी उठल्या उठल्या वाटी भरू नका. तुम्ही उठणं म्हणजे जेवण, हे तिच्या डोक्यात बसलंय, म्हणून ती तुम्हाला उठवते. उठा, दात घासा, चहा घ्या, आणि मग दुसऱ्याच एखाद्या खुणेवर खायला द्या. आणि रात्री तिने उठवलं तर काहीच करू नका. ओरडूसुद्धा नका. ओरडणं हेही तिच्या दृष्टीने लक्ष देणंच. ठरल्या वेळी आपोआप उघडणारे डबे बाजारात मिळतात. पुष्कळांना त्यांचा उपयोग होतो, कारण मग मांजर माणसाला सोडून डब्याच्या मागे लागतं. खालांना ते पटलं नाही. डब्याच्या हातचं खाणार का माझी पोरगी, म्हणाल्या.

एक इशारा डॉक्टरांनी दिला. पहिले काही दिवस ती जास्त त्रास देईल. नेहमीची युक्ती चालत नाही म्हटल्यावर कुणीही आधी जोर वाढवतं. त्या दिवसांत दहा वेळा दुर्लक्ष करून अकराव्यांदा उठलात, तर ती एवढंच शिकेल की अकरा वेळा ओरडावं लागतं. प्रयोगशाळेतल्या कबुतरांवर हे फार पूर्वीच पाहिलं गेलंय: दर खेपेला दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा कधी मिळणार कधी नाही अशा पक्ष्याची टोच मारण्याची चिकाटी जास्त. ते समजायला कबुतरं कशाला हवीत? मटक्याचा नाद लागलेला माणूस प्रत्येक गल्लीत असतो.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "हिला अजून कुणी खायला घालतं का?"

खाला नाही म्हणाल्या. रस्त्याने येताना मात्र त्यांना बोळातली ती स्टीलची वाटी आठवली, जी त्यांची नव्हती.

काकू ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. खालांनी विचारलं, "काकू, तुम्ही बिल्लोला रात्री काही देता काय?"

काकूंनी गवारीची शेंग मोडली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "तुमची झोप मोडू नये म्हणून हो भाभी. ती तीनला ओरडायली की वाटायचं, बाई दिवसभर मशीनवर असते, रात्री तरी निवांत पडू दे. म्हातारपणी मला काय झोप आहे? मागच्या दारात वाटीभर दूध ठेवत होते की ओ. प्याली की गप व्हायची."

"आणि मी उठत होते, तुमची झोप मोडू नये म्हणून," खाला म्हणाल्या.

दोघी बराच वेळ हसल्या. बिल्लो मध्ये बसून पंजा चाटत होती. एका दारी नाही जमलं तर दुसऱ्या दारी, तिथे नाही तर पुन्हा पहिल्या दारी: असा तिचा रात्रीचा फेरा चालायचा आणि दोन्ही घरं एकमेकींच्या झोपेला जपत तिला पोसत होती. अडीच महिने कुठलाच उपाय का लागू पडला नाही, ते आता कळलं.

त्या ओट्यावरच करार ठरला. रात्री दहानंतर सकाळी सव्वासहापर्यंत कुणीही काही द्यायचं नाही. सव्वासहाला खालांच्या मोबाइलवर वेगळा गजर वाजेल, तो वाजला की बोळातल्या ओट्यावर वाटी, शेगडीजवळ नाही. एक दिवस खालांनी द्यायचं, एक दिवस काकूंनी, म्हणजे कुणा एकीचं उठणं ही खूण राहणार नाही. काकू शिक्षिकाच, त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर हजेरी मांडायला घेतली. बिल्लो ओरडली की फुली, नाही ओरडली की बरोबरची खूण.

जुलैचा दुसरा आठवडा फुल्यांचाच गेला. चौथ्या रात्री बिल्लो पावणेदोनला सुरू झाली आणि चारपर्यंत थांबली नाही. खालांनी कानात कापूस घातला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि मनातल्या मनात दुरूद पढत पडून राहिल्या. भिंतीपलीकडे काकूही जाग्या होत्या. दोघींनी एकमेकींना सकाळी सांगितलं, की आपण दोन वेळा उठून बसलो होतो आणि परत आडव्या झालो. सातव्या रात्री ओरडणं अर्ध्या तासावर आलं. दहाव्या रात्री एकदाच, जणू विचारून बघावं तसं. मग काकूंचा नातू सुटीला आला. त्याने पहाटे मनीला बिस्किट दिलं आणि चार दिवसांची कमाई गेली. काकूंनी त्यालाही समोर बसवून करार वाचून दाखवला. ऑगस्टच्या पानावर फुली शोधावी लागते. खालांची साखर पुढच्या तपासणीत थोडी खाली आली. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. खाला गप्प राहिल्या.

यंदा रमजानचा चांद दिसायची वेळ आली, तसा दोघींना घोर लागला. आता खाला पुन्हा पहाटे उठणार, दिवा लागणार, भाकरीचा वास सुटणार. वर्षभराचं केलेलं महिन्यात पाण्यात जायचं. खालांनी करारात नवी कलमं घातली. बिल्लोचं रात्रीचं जेवण तरावीह झाल्यावर, तेही चिंधीमागे पळवून झाल्यावर. सहरीला तिच्यापुढे एक कणही पडणार नाही. फजर झाली, कुराण वाचून झालं, सव्वासहाचा गजर वाजला, की नेहमीच्याच ओट्यावर नेहमीचीच वाटी. भुकेल्या जिवाला आधी देऊन मग खायचं, ही जुनी सवय खालांनी मोडलेली नाही. बिल्लोचा वाटा त्या सहरीलाच काढून झाकून ठेवतात, फक्त देतात नंतर.

पहिल्या रोजाला बिल्लो उंबऱ्यावर येऊन बसली. खालांनी भाकरी खाल्ली, पाणी प्यायल्या, तिच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या रोजाला ती आली, बसली आणि तिथेच झोपली.

तिसऱ्या रोजाला गंमत झाली. रात्री मोबाइल चार्जिंगला लावला होता, पण बटणच चालू केलं नव्हतं. मोबाइल बंद पडला, गजर वाजला नाही. बिल्लो खालांच्या पायाशी मुटकुळं करून झोपली होती. हललीसुद्धा नाही. खालांना जाग आली ती फजरच्या अजानीने. पाण्याचा घोटही घेता आला नाही. सहरी चुकली तरी रोजा होतो, त्यामुळे त्यांनी तो तसाच धरला आणि दिवसभर मशीनवर काढला. संध्याकाळी इफ्तारला काकू नेहमीप्रमाणे कलिंगडाच्या फोडी घेऊन आल्या. झालेला प्रकार ऐकून त्यांना हसू आवरेना.

"चांगलं शिकवलंत की ओ भाभी! गेल्या वर्षी रोजे नसताना उठवत होती. यंदा रोजे आहेत तर झोपून राहिली."

तेव्हापासून पहाटे सव्वाचारला काकू लाटण्याने भिंतीवर तीनदा ठोकतात. नाहीतरी त्यांना झोप नसते. खाला इकडून दोनदा ठोकून उत्तर देतात आणि उठतात. बिल्लो एक डोळा उघडते, भिंतीकडे बघते आणि परत मिटते.